आपली गच्ची कधी गळली नाही

बाबा,

आपल्या गच्चीच्या टाइल्स पुन्हा लाल झाल्या, हे तुम्हाला सांगायला बसले आहे. तेवढंच सांगून उठता आलं असतं तर बरं होतं. पण त्या लाल रंगाखाली जे निघालं त्यानं माझ्या डोक्यात भुंगा सोडला आहे, आणि ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारण्यासारखं नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी अजून शाळेत गणित शिकवते, दोन वर्षांत निवृत्त होईन, आणि दोन वर्षांमागं बदली होऊन सिंदेवाहीला आल्यापासून आपल्याच घरात आईजवळ राहते. मी थेट तुमच्यावर गेले आहे असं आई म्हणते, आणि हे ती कौतुकानं म्हणत नाही. दोन पोरांची उत्तरं सारखी आली की मी आधी कॉपी शोधते, मग उत्तर बरोबर आहे का ते बघते. गॅसच्या सिलिंडरचं सील, दूधवाल्याचं माप, औषधाच्या पाकिटावरची तारीख, सगळं डोळ्यांखालून गेल्याशिवाय मला चैन पडत नाही. शाळेतल्या बाया मागं मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, कारण तेही मी शोधून काढलं आहे.

हे सगळं तुमच्याकडून आलं. तुम्ही फरशीचे मिस्त्री. नागभीडपासून मूलपर्यंत कुणाच्या घरी फरशी बसवायची झाली की तुमचंच नाव निघायचं, आणि तुम्ही यायला निघालात की रेतीवाला धास्तावायचा. रेतीची चिमूट जिभेवर ठेवायची, दातांखाली चावायची आणि ट्रॅक्टरवाल्याच्या पुढ्यातच थुंकायची. "अर्धी माती हाये, वापस ने." लग्नाच्या पंगतीत सगळे वरणभाताची वाट बघत असायचे आणि तुम्ही बोटाच्या पेरानं खालची फरशी ठोकत असायचात. पोकळ वाजली की यजमानाला बोलावून सांगायचात. आई पदर तोंडाशी धरून दुसरीकडं बघायची. मला मात्र वाटायचं, असा बाप गावात दुसऱ्या कुणाला नाही.

एकदा मी तुमच्या हातून सापडले, ते विसरले नाही. नववीत असेन. तुम्ही मला दुकानातून पांढरं सिमेंट आणायला पाठवलं होतं. मी पिशवी घेऊन आले, तुम्ही उघडली, आत सगळे खडे झालेले. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे, मी चुलीजवळ, आई भात वेळत होती. "पाह्यल्याबिगर घेतलंस? डोळे काहाले देल्ले देवानं?" मी रडायला लागले. तुम्ही आवाज चढवला नाही, तो तुम्ही कधीच चढवत नव्हता. "कोणावर भरोसा नाई ठेवाचा," म्हणालात, "माह्यावर बी नाई. पाहाचं, मंग मानाचं." दुसऱ्या दिवशी मला दुकानात नेलंत आणि माझ्याच हातानं ती पिशवी परत करायला लावलीत. पुढं मला नोकरी लागली तेव्हा लोकांच्या बापांनी साड्या घेतल्या, घड्याळं घेतली. तुम्ही तुमची लेव्हलची पट्टी दिलीत, पिवळी, मधल्या काचेत बुडबुडा असलेली. म्हणालात, "माणूस खोटं बोलते, हे नाई बोलत." ती मी आजवर प्रत्येक बदलीच्या गावी सोबत नेली आहे, आणि भाड्यानं घेतलेल्या प्रत्येक घराची फरशी तिनं तपासली आहे.

आता गच्ची. ती तुम्ही केलीत तेव्हा मी कॉलेजात होते आणि उन्हाळ्याच्या सुटीत घरी आले होते, म्हणून मला सगळं दिसतं आहे. स्लॅब तुम्ही स्वतः उभं राहून टाकून घेतलात आणि वरच्या टाइल्स एकेक करून स्वतःच्या हातानं बसवल्यात. लाल, चौकटीचौकटीच्या, सिमेंटच्या. लोकांच्या घरी आयुष्य गेलं, आता आपल्या डोक्यावर आपलं काम, असं तुम्ही म्हणत होतात. शेवटी पाण्याची परीक्षा. तुम्ही बांधीतली, म्हणजे धानाच्या खाचरातली, चिकण माती आणलीत, त्या खाचराला पाणी अडवायला धुरा घालतात तसा गच्चीच्या कडेनं वीतभर धुरा घातलात, पन्हाळीचं तोंड चिंध्यांनी बंद केलंत आणि पाणी भरलंत. मग शेजाऱ्यांना वर बोलावलंत. या कोपऱ्यात बोट बुडवलं, त्या कोपऱ्यात बुडवलं, मधोमध बुडवलं. "पाहा, सगळीकडं एकच पेर. इकडं जास्त नाई, तिकडं कमी नाई." धानाच्या मुलखातली माणसं ती. पाणी असं सारखं उभं राहिलेलं बघून त्यांनी माना डोलावल्या. तीन दिवस पाणी ठेवलंत, खाली थेंब नाही. चौथ्या दिवशी आई आणि मी धुरा फोडला.

त्याच उन्हाळ्यात बाजार चौकातल्या किराणा दुकानाचं छत वळवाच्या पावसात गळलं होतं. ते ज्या मिस्त्रीनं केलं होतं तो तुमच्यापेक्षा वयानं मोठा. तुम्ही भर बाजारात त्याला म्हणालात, "ज्याच्या हातचं छत गळते, त्यानं थापी ठेवून द्यावी." त्यानं खरंच थापी ठेवली आणि वीटभट्टीवर कामाला लागला. तुमचं हे वाक्य मी पुढं कितीतरी वेळा लोकांना ऐकवलं आहे, छाती फुगवून. आपली गच्ची कधी गळली नाही, हे त्याच्या जोडीला असायचंच.

आणि खरंच, गेल्या पावसाळ्यापर्यंत ती गळली नाही. गेल्या वर्षी पोळ्याच्या आसपास स्वयंपाकघरात वर पाहिलं तर परातीएवढी ओल. मी तुमची मुलगी, तुमच्या कामावर शंका कशी घेणार? मी इतर सगळ्यांवर घेतली. डिश अँटेना लावणाऱ्यानं खिळा खोल मारला असेल. सोलरवाल्यानं पाय रोवताना टाइल फोडली असेल. शेजारच्यांच्या आंब्यावरून वानरं उड्या मारतात, आणि शेजारी ती हाकलत नाहीत, मुद्दाम. कुठंतरी पाणी मुरतंय, असं मी आईला म्हणाले. आई म्हणाली, "जुनं झालं आता, गळनारच." मला तिचाही राग आला. आई पंच्याहत्तरीच्या पुढं गेली आहे, दोन वर्षांपासून तिला गुडघ्यांमुळं जिना चढवत नाही. वर काय आहे ते तिला काय माहीत, असं मला वाटलं.

या वैशाखात मी एका मिस्त्रीला बोलावलं. चाळिशीचा, जवळच्याच खेड्यातला, हैदराबादेत आठ वर्षं वॉटरप्रूफिंगचं काम करून आलेला. असा माणूस मोबाइलवर स्वतःच्या कामाचे फोटो दाखवतो. फोटो कुणाच्याही गच्चीचे असू शकतात, म्हणून मी दोन घरी जाऊन खात्री केली. तरी माझं समाधान नव्हतं. कोटिंगचे डबे आले तेव्हा मी सील माझ्यासमोर फोडायला लावलं. तो ब्रश आणि बादली घेऊन बसला की मी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून छत्री धरून बसायची. एकदा त्यानं विचारलं, "बाई, उन्हात काऊन बसता? मी काही पळून नाई जाऊन राह्यलो." मी म्हटलं, मला ऊन आवडतं. चंद्रपूरकडच्या वैशाखात ऊन आवडणारी बाई त्यानं पहिल्यांदाच पाहिली असेल.

टाइल्स पार फिक्या पडलेल्या, मळकट तपकिरी, लाल म्हणावं असं काही उरलं नव्हतं. मला वाटत होतं तो ॲसिड ओतेल आणि तुमच्या टाइल्स खाऊन टाकेल, मग मी त्याला पकडेन. त्यानं ॲसिडला हात लावला नाही. सिमेंटच्या टाइलला ॲसिड चालत नाही, हे त्यानं मलाच समजावलं. सोडा, गरम पाणी, ताठ ब्रश. तरी मळ निघेना. मग त्यानं चिंधीवर रॉकेल घेऊन एक टाइल घासली, आणि बाबा, खालून लाल रंग वर आला, तुम्ही बसवला होता तसा. तो उकिडवा बसून बघत राहिला. "हे टाइल उन्हानं फिकी नाई झाली, बाई. हिच्यावर तेल बसलं हाये. वर्सोनवर्साचं." गच्चीवर तेल कुठून येणार? माझ्या मनात लगेच आलं, हा माणूस काम वाढवतो आहे.

दुसऱ्या दिवशी तो सांधे उकरायला लागला. सांध्यातून सिमेंट यायला हवं. आली ती काळपट, चिकट ढेकळं. उन्हात बोटाला चिकटत होती. त्यानं एक नाकाशी नेलं. "राळ हाये. आनि चुना. माह्या मामाचा डोंगा होता तलावात, त्याच्या भेगेत असंच भरत." मग म्हणाला, "तुमच्या बाबानं सिमेंटच्या जागी हे भरलं का?" माझं डोकं फिरलं. तुम्ही, पिशवीची शिवण तपासल्याशिवाय सिमेंट न घेणारे, सांध्यात राळ भराल? मी एक ढेकूळ उचलून वहीच्या कागदात बांधलं. पुरावा म्हणून. या माणसानं स्वतःच काहीतरी भरलं आहे आणि माझ्या मेलेल्या बापावर ढकलतो आहे, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

सगळे सांधे मोकळे झाल्यावर त्यानं पाणी भरलं, गळती नेमकी कुठून आहे ते कळावं म्हणून. तासाभरात स्वयंपाकघर ठिबकायला लागलं. एका जागी नाही, पाच-सहा जागी. मी वर धावत गेले आणि त्याला बोलले ते इथं लिहीत नाही. इतकी वर्षं न गळलेली गच्ची तुझा हात लागताच गळते, असा त्याचा सारांश. तो शांत होता, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. तो म्हणाला, "ढलानच नाई देल्ली, बाई. पानी जाईन कुठी?" मी खाली गेले, तुमची लेव्हलची पट्टी आणली आणि ओल्या टाइलवर ठेवली. बुडबुडा अगदी मधोमध. दुसरीकडं ठेवली, मधोमध. चारही कोपऱ्यांत ठेवली आणि त्याच्याकडं बघितलं, कॉपी पकडल्यावर पोराकडं बघते तसं. तो हसला. खरंच हसला, बाबा, त्याला आवरलं नाही. "तेच तं म्हनून राह्यलो! घरातली फरशी अशी पाह्यजे. गच्चीले उतार लागते. ही गच्ची नाई, बांधी हाये. रोवना करा इथी, धान चांगला होईन." मी त्याला तिथल्या तिथं जायला सांगितलं. त्यानं ब्रश धुतले, बादलीत ठेवले आणि गेला. दुसऱ्या दिवशी शाळेत आणि किराणा दुकानात मी सांगितलं की या माणसाला कुणी काम देऊ नका, त्यानं माझं छत फोडलं. सिंदेवाही केवढी, बातमी संध्याकाळपर्यंत त्याच्या घरी पोचली असणार.

त्याच दुपारी दुकानातून आल्यावर मी ते ढेकूळ आईसमोर ठेवलं. ती स्वयंपाकघरात खाली बसून लसूण सोलत होती, भोवती ठिबकणाऱ्या पाण्याखाली पातेली लावलेली. मी म्हटलं, बघ, त्यानं काय भरून ठेवलं होतं आपल्या सांध्यात. तिनं ते हातात घेतलं, अंगठ्यानं दाबलं, वास घेतला. नाकाशी नेण्याची तिची तऱ्हा मला खटकली. नवी वस्तू माणूस अशी हुंगत नाही. मी विचारलं, "तुला माहीत आहे हे काय आहे?" ती लसूण सोलायला लागली. मी पुन्हा विचारलं. मी पोरांकडून कबुली काढते तशी तिच्यासमोरून हलले नाही. पाणी ठिबकत होतं. शेवटी ती म्हणाली, "त्यानं नाई फोडलं, पोरी. त्याच्यावर नोको घालू. मीच भरत होती ते."

मग तिनं सांगितलं. अर्धं मी विचारून काढलं, अर्धं ती स्वतःहून बोलली, कारण इतक्या वर्षांत तिला हे सांगायला कुणी मिळालं नव्हतं. गच्ची झाली त्या पहिल्याच पावसाळ्यात तुम्ही मुलचेऱ्याला कामावर होतात. तीन दिवसांत न उतरलेलं पाणी तीन आठवड्यांत उतरलं, बरोबर चुलीवर. तिनं पातेली लावली. तुम्ही परत यायच्या आत पावसानं उघडीप दिली, तिनं भिंत पुसली, चूल सारवली, आणि गप्प राहिली. पाऊस पुन्हा लागला तेव्हा तुम्ही पुन्हा बाहेरगावी होतात. असा तो एक पावसाळा तिनं काढला. मी म्हटलं, सांगायचं होतं ना. ते दुरुस्त करू शकले असते. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच नववीतली.

"दुरुस्त?" ती म्हणाली. "बाजारात सगळ्यायच्या समोर बोलले होते त्या माणसाले. मंग आपलंच गळते म्हटल्यावर काय केलं असतं त्यायनं? तू ओळखत नाई तुह्या बापाले? त्यायनं थापी ठेवून देल्ली असती. त्याच दिवशी. अन् मंग जगले असते का ते? फरशीबिगर?"

तिचं माहेर तलावाकाठचं. तिथं डोंग्याच्या भेगा राळ, चुना आणि टोरीचं तेल एकत्र मळून बुजवतात. टोरी म्हणजे मोहाची बी, तिचं तेल थंडीत लोण्यासारखं थिजतं आणि पाण्याला दाद देत नाही, हे आम्ही सगळे लहानपणापासून बघत आलो. दुसऱ्या उन्हाळ्यापासून तिनं तेच केलं. चैत्रात ती माहेराहून मोहाची फुलं आणायची आणि गच्चीवर वाळवायची. उघड्या टाइलवर मोह करपतो म्हणून आधी शेणानं सारवायची. वैशाखात मोह उचलला की सगळे सांधे एकेक करून भरायची आणि वरून पुन्हा सारवण फिरवायची, म्हणजे कुणाला दिसू नये. तेल टाइलमध्ये मुरलं, त्यावर शेण, त्यावर धूळ. तुमच्या लाल टाइल्स उन्हानं फिक्या पडल्या नव्हत्या. दोन वर्षांमागं तिचे गुडघे गेले आणि सांधे भरायचे राहिले. लगेच गेल्या वर्षी ओल आली.

मी तिथंच पातेल्यांच्या मधे खाली बसले. तुमचा मला इतका राग आला. एवढा कसला तो ताठा, की वयानं मोठ्या माणसाला तुम्ही बोललात त्या एका वाक्याखाली बायकोनं, तुम्ही गेल्यावरसुद्धा, तीस वर्षं गच्चीवर रांगत काढावीत? तिच्या हातांचा तो वास मला आठवला, राळेचा आणि तेलाचा. मी सुटीत आले की तिच्या बोटांच्या पेरांत काळं भरलेलं असायचं, आणि मी तिला म्हणायची, आई, हात तरी धूत जा. कॉलेजात शिकलेली मी. आणि रागाच्या जोडीला दुसरंही काहीतरी होतं, तेही सांगते. मला तिचा हेवा वाटला. घरात दोन संशयी माणसं, तुम्ही आणि मी, आणि आमच्या डोक्यावर तिनं एवढं मोठं काम केलं, तेही आम्हाला सुगावा लागू न देता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मिस्त्रीच्या घरी गेले. तो अंगणात ब्रश उलटे टांगत होता. त्याच्या बायकोनं मला खुर्ची दिली आणि पाणी दिलं, पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं की किराणा दुकानातलं माझं बोलणं तिच्यापर्यंत आलं आहे. मला शाळेत चूक कबूल करायची सवय नाही. मी फळ्यावर चुकले तर पोरं सांगतात आणि मी म्हणते, मी तुमचं लक्ष बघत होते. तिथं ते चालणार नव्हतं. मी त्या दोघांसमोर म्हटलं, "भाऊ, छत तुम्ही नाही फोडलं. माझ्या बाबांचं काम पहिल्याच वर्षापासून गळत होतं." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. उच्चारल्यावर मला वाटलं होतं की काहीतरी कोसळेल. तो म्हणाला, "गळते, बाई. माह्या बी हातचं गळलं हाये दोनदा. मंग पुन्हा करतो. त्यात काय येवढं?" मग मी शाळेत आणि दुकानातही तेच सांगितलं. दुकानदार म्हणाला, तुमचे बाबा असं काही बोलले होते ना एकदा? मी म्हटलं, हो, बोलले होते.

तो परत आला. टाइल्स उखडायच्या नाहीत असं मी सांगितलं होतं, म्हणून त्यानं कठड्याला खालच्या अंगानं तीन नव्या पन्हाळी काढल्या, म्हणजे पाणी उभं राहायच्या आत वाट धरेल. सगळा थर रॉकेलनं आणि सोड्यानं काढला, आठ दिवस गच्ची उन्हात वाळू दिली. सांध्यात ग्राउट भरलं, भिंत आणि फरशी जिथं भेटतात तिथं गोलाई दिली, आणि लाल रंग मिसळून कोटिंगचे दोन हात दिले, एक उभा, एक आडवा. पाणी भरून तीन दिवस ठेवलं. मी तिन्ही दिवस स्वयंपाकघरात वर बघत बसले. आईसुद्धा बसली. तिसऱ्या दिवशी कोरडं छत बघून ती म्हणाली, "त्याचं औषध किती वर्स टिकते?" मी म्हटलं, पाच-सहा. "बस?" ती म्हणाली, आणि आपण तीस वर्षं छत राखलं याचा जो आनंद तिच्या तोंडावर उमटला, तो कुणाला दिसू नये असं मला वाटलं. आता पावसाळा अर्धा सरला आहे. जोराची सर येऊन गेली की ती भिंतीला धरत स्वयंपाकघरात जाते, वर बघते आणि परत येऊन बसते.

तिला एका गोष्टीचा फार अभिमान आहे. ती मला चारदा म्हणाली, "त्यायले अखेरपर्यंत नाई कळलं. शेवटच्या दिवसापर्यंत नाई." आणि माझ्यातली परीक्षकबाई जागी झाली ती तिथंच. कारण बाबा, मला तुमचा संशय येतो आहे. टाइल्सवर शेण बघून पहिल्या वर्षी तुम्ही आईला धारेवर धरलं होतंत, मला ते भांडण आठवतं. दुसऱ्या वर्षीही बोललात. मग एकाएकी गप्प. मला तेव्हा वाटलं, आईनं जिंकलं. लोकांच्या लग्नात फरशी ठोकणारे तुम्ही, आपल्या गच्चीवर एकदाही पेर वाजवताना मी तुम्हाला पाहिलं नाही. चिमूटभर रेतीतली माती जिभेला कळणाऱ्या माणसाला स्वतःच्या डोक्यावरचं टोरीचं तेल नाकाला कळू नये? आणि राळ. आईला विचारलं, राळ कुठून यायची? ती सहज म्हणाली, "तेच आनत. देवाच्या धुपाले." आपल्या घरातल्या देव्हाऱ्यात चार देव, बाबा. एवढ्या देवांना दर वर्षी एवढी राळ लागत नाही. आणि दर वैशाखात, बरोबर मोह उचलून झाला की, तुम्हाला मुलचेऱ्याकडं चार दिवसांचं काम निघायचं. लग्नसराईत, आगीसारख्या उन्हात, जेव्हा कुणी फरशीचं काम काढत नाही.

हे मी आईला बोलले नाही. बोलणारही नाही. तुम्हाला माहीत होतं असं कळलं तर तिच्या हातून तिची एकुलती जीत जाईल, आणि म्हातारपणी ती घेण्याचा मला अधिकार नाही. हे पत्र तुमच्या फोटोमागं सरकवून ठेवावं असं मनात होतं. पण तो फोटो ती दर गुरुवारी उतरवते, काच पुसते, मागची जळमटं काढते, आणि चष्मा लावून तिला सावकाश सगळं वाचता येतं. म्हणून हे शाळेतल्या माझ्या कपाटात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात जाईल. तिथं माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.

एक मात्र कबूल करते. खरं काय ते शोधणं मला अवघड नाही. मुलचेऱ्याला तुम्ही ज्यांच्या घरी उतरायचात ते अजून आहेत, आणि त्यांच्या मुलाचा नंबर माझ्याजवळ आहे. वैशाखात तिथं खरंच काम असायचं, की तुम्ही नुसते चार दिवस त्यांच्या ओसरीवर बसून यायचात, एवढंच विचारायचं आहे. आठ दिवस झाले, मी रोज तो नंबर काढते आणि फोन खाली ठेवते. ते म्हणाले, "हाव, काम असायचं ना," तर तुम्हाला ठाऊक नव्हतं असंच ठरेल, मग मी काय करू?